भुऱ्याची गोळी माई विसरली नव्हती

माई,

तुझ्या तेरवीच्या पंगतीत मी, तुझा धाकटा भाऊ, बुंदी वाढत होतो. तुझ्या भजनी मंडळातल्या दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. एक म्हणाली, "गंज चांगली बाई होती. फक्त शेवटी शेवटी तिले ध्यानात राहत नव्हतं." दुसरी म्हणाली, "हो न वं. त्या कुत्र्याची गोळी नाई का इसरली होती? तठूनच सुरू झालं तिचं." मी दोघींच्या पानात बुंदी वाढली आणि पुढे सरकलो.

त्या दिवशी तुझ्याबद्दल जे जे बोललं गेलं ते खरं होतं, हे एक सोडून. आणि हे खोटं आहे, हे त्या मांडवात ज्याला ठाऊक होतं त्याच्या हातात बुंदीचं पातेलं होतं. म्हणून हे लिहितो आहे. तू कुठलीही गोळी विसरली नव्हतीस. ती मी बंद केली होती. आणि "दिली" असं तुला तोंडावर खोटं सांगितलं होतं.

आपल्या माणसांना हे वाचताना अवघड जाईल. जाऊ दे. माझं वय आता असं आहे की पुढच्या वर्षी सांगू म्हणायची सोय राहिली नाही.

भुऱ्या तुझ्याकडे आला तो शेजारच्या रशीदभाईंच्या गादीच्या दुकानातून. पिंजायला आलेल्या जुन्या कापसाच्या ढिगात कुणा कुत्रीने पिल्लं घातली, बाकीची लोकांनी नेली, हा मातकट रंगाचा उरला. रशीदभाई म्हणाले होते, "माई, ये तुमचाच है, तुमच्याच दाराकडे तोंड करून झोपतो." तू म्हणालीस, तोंड कुठेतरी करावंच लागतं. आणि ठेवून घेतलास.

त्याला पहिली फिट आली तेव्हा मी तिथेच होतो. माझी बायको गेल्यापासून अकोल्याचं घर मला खायला उठायचं, म्हणून दर थोड्या दिवसांनी मी अमरावतीला तुझ्याकडे येऊन राहायचो. दुपार होती. तू ब्लाउज बेतत बसली होतीस. भुऱ्या चालता चालता थांबला आणि छताच्या कोपऱ्याकडे बघू लागला. तिथे काहीच नव्हतं. मग तो लाकडाच्या फळीसारखा आडवा पडला. पाय पळायला लागले, जबडा कडकड वाजायला लागला, तोंडाला फेस आला, खालची फरशी ओली झाली. मी दारातली चप्पल उचलली आणि त्याच्या नाकाला लावायला धावलो. आपल्या गावात कुणाला मिरगी आली की हेच करायचे, कांदा नाही तर चप्पल. मी दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

"चप्पल ठेव खाली बाबू."

"अवं मिरगी आहे ते. वास देल्ला का थांबते."

"ठेव म्हटलं न."

तू मशीनचं स्टूल दूर ओढलंस. टेबलाच्या पायाला त्याचं डोकं आपटत होतं, तिथे कापडाची घडी सारलीस. पडदा ओढलास. आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर फरशीवर मांडी घालून बसलीस. हात लावला नाहीस.

"धर न त्याले. नुसती पाहून काय राहिली?"

"धरून काय करू? तो इथी नाईच आहे. गेला आहे."

"कुठी गेला?"

"मले काय माहीत? येईन तेव्हा तोई सांगणार नाई."

हे तू इतकं सहज बोललीस, जणू शेजारीण बाजारात गेली आहे. थोड्या वेळाने पाय थांबले. तो उठला आणि सरळ भिंतीवर जाऊन आदळला. त्याला दिसत नव्हतं. मला ओळखत नव्हता, तुला ओळखत नव्हता. माझ्याकडे बघून गुरगुरला. तू उठून भिंतीला टेकून उभी राहिलीस. तो पुन्हा आला तो तुझ्या पायांवर आदळला. पुन्हा वळून आला, पुन्हा तुझ्याच पायांवर. "भिंतीत अन् त्याच्यात मी उभी राहिली तर त्याले भिंत मऊ लागते," असं तू म्हणालीस. कितीतरी वेळ तू तशीच उभी होतीस. मग त्याला पाण्याचं भांडं सापडलं. मग दार आठवलं. मग त्याने तुझ्या पायाचा वास घेतला आणि एकदम त्याची शेपूट हलली.

माई, मी जन्मभर वीज खात्यात नोकरी केली. गेलेला उजेड परत येताना हजारदा पाहिला. पण एक जीव कुठूनतरी परत येतो आणि एकेक वस्तू पुन्हा ओळखून आपली करतो, पाणी, दार, माणूस, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पुढे तसं बरेचदा पाहिलं. सवय कधी झाली नाही.

डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ गोळी लिहून दिली. त्या तरुण बाई होत्या, पण बोलणं ठाम. "फिट थांबल्या तरी गोळी थांबवायची नाही. थांबल्या आहेत त्या गोळीमुळेच. एकदम बंद केली तर जिवावर बेतेल." घरी येईपर्यंत रिक्षात तू ते मला दोनदा म्हणून दाखवलंस. दुसऱ्यांदा मी चिडलो. "मी बहिरा नाई," म्हणालो. बहिरा नव्हतोच. सगळं नीट ऐकलं होतं.

पण मी त्याच आठवड्यात गावाकडे जाऊन आपल्या शिवारातल्या मारोतीला नवस बोलून आलो होतो. भुऱ्याच्या फिट थांबू दे, तुझ्या पारावर रोडग्यांचा स्वयंपाक घालीन. तुला सांगितलं नाही, कारण तू हसली असतीस. आणि फिट खरंच थांबल्या. पोळा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली, भुऱ्या एकदाही पडला नाही. मग मी तुला सांगितलं, आणि तू हसली नाहीस. "बोलला असशीन तर फेड," एवढंच म्हणालीस.

ते रोडगे काय झाले होते. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, फोडले की आतून पदर सुटणारे, वर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. निंबाखाली सगळं गणगोत बसलं होतं आणि भुऱ्या यजमानासारखा मध्ये फिरत होता. कमळाकाकूने सुरुवात केली.

"कुत्र्याचा नवस म्हणते बाप्पा. माहे गुडघे कितीक वर्साचे दुखून राहिले, माह्यासाठी एक नारळ नाई फोडला कोणं."

"तू नवस फेडाच्या आधीच रोडगे खाऊन घेशीन काकू," आपल्या भावाचा मुलगा प्रमोद म्हणाला.

"खाईन नाई तं काय. गुडघे दुखते, दात नाई दुखत."

संध्याकाळची वेळ झाली तेव्हा तू सगळ्यांदेखत रोडग्याचा तुकडा तुपात मळलास, त्यात गोळी दाबलीस आणि भुऱ्याला भरवलीस. कमळाकाकू थबकली. "हे काय वं माई? नवस फेडला न? आता गोळी देणं म्हंजे मारोतीले खोटं पाडणं होते." आपल्याकडे असंच मानतात, नवस फिटला की दुखणं संपलं, त्यानंतर औषध चालू ठेवणं हा देवाचा अपमान. दोनचार माना हलल्या. तू हात पुसत म्हणालीस, "मारोतीचा रोडगा अन् डॉक्टरची गोळी, दोन्ही त्याच्या पोटात गेलं. भांडतीन तर तठी भांडतीन." सगळे हसले. मी हसलो नाही. काकूचं बोलणं माझ्या मनात जाऊन बसलं होतं. देवाने दिलं, मी फेडलं, आणि तरी रोज दोनदा आपण त्याला सांगतो आहोत की तुझ्यावर भरवसा नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, वाकायचं नाही, धूर नको. मी राहायला आलो. स्वयंपाक प्रमोदकडून यायचा. भुऱ्याची गोळी माझ्याकडे आली.

पहिल्या दिवशी मी दिली. दुसऱ्या दिवशी गोळीची पट्टी हातात घेतली आणि परत फळीवर ठेवली. पलंगावरून तू विचारलंस, "गोळी देल्ली?" मी म्हणालो, "देल्ली न." माई, मला त्या वेळी पाप वाटलं नाही. मला मी धीट झाल्यासारखं वाटलं. भुऱ्या मजेत होता, उलट जास्तच खेळायला लागला. मी मनातल्या मनात डॉक्टरीणबाईंशी बोलत होतो, बघा म्हणत होतो. रोज तू विचारायचीस, रोज मी तेच सांगायचो.

मग एका दुपारी तो पडला. थांबला, उठायच्या आत पुन्हा पडला. पुन्हा. मध्ये शुद्धीवर येणं नाहीच. त्याचं अंग तव्यासारखं तापलं. मी रशीदभाईंना हाक मारली. त्यांनी कसलाही प्रश्न न विचारता टेंपो काढला. मागे पिंजलेला कापूस होता, त्यावर भुऱ्याला टाकलं. तू पट्टी बांधलेल्या डोळ्याने, पदराचं टोक तोंडात धरून, कुणाचा हात न घेता टेंपोत चढलीस. "माई, तुम मत आओ, आँख का ऑपरेशन है," रशीदभाई म्हणाले. "डोळे तठी कायले लागतात?" तू म्हणालीस आणि कापसात बसलीस.

रस्त्यात त्याचे पाय त्या कापसात पळत होते. कापूस उडून तुझ्या केसांत, माझ्या तोंडात जात होता. तू त्याच्यावर ओलं फडकं ठेवत होतीस. मग म्हणालीस, "गोळ्याची पट्टी आणली का? डॉक्टर इचारतीन." मी खिशातून काढून तुझ्या हातात दिली. तू तिच्यावरून अंगठा फिरवलास. इतकी वर्षं पोरींना शिवण शिकवलेली बोटं ती, सुईचं नेढं न बघता सापडायचं त्यांना. पहिल्या दिवसाचे सोडले तर बाकी सगळे फुगे भरलेले होते. तू पट्टी पदराच्या गाठीत बांधलीस. त्या टेंपोत तू मला शिव्या घातल्या असत्यास, तर आज मी बराच हलका असतो.

दवाखान्यात प्रमोद आमच्या मागून पोचला. इंजेक्शनं झाली, भुऱ्या शांत पडला, श्वास चालू होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "औषध बंद केलं होतं का?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात तू म्हणालीस, "मी इसरली जी."

"माई, असं कसं इसरली?" प्रमोद म्हणाला.

"म्हातारी झाली बाप्पा. राहत नाई ध्यानात."

तुझ्या एका वाक्याने काय काय गेलं ते मी बघत राहिलो. प्रमोदने तुझी शेगडी नेली, गॅस चालू राहील म्हणून. त्याने प्रेमानेच नेली, त्याला दोष देत नाही. शिलाई मशीन झाकून ठेवलं, बोट जाईल म्हणून. तू दर वर्षी एकटी एसटीने गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात जायचीस, ते बंद झालं. मंडळात तू अख्खी भजनं तोंडपाठ म्हणायचीस, तिथे तुझ्या हातात छापील पुस्तक देऊ लागले. तू ते मांडीवर मिटून ठेवायचीस आणि एक ओळ चुकवायची नाहीस. तरी पुढच्या वेळी पुस्तक पुन्हा द्यायचेच. माणसाला एकदा विसरभोळं ठरवलं की त्याचं आठवणंही कुणाला दिसत नाही.

त्याच दिवसांत मी आणखी एक बघत होतो. भुऱ्या जगला, पण आंधळा होऊन परत आला, आणि स्वतःचं नावही विसरून आला. तू काळा चष्मा लावून फरशीवर बसायचीस आणि स्टीलच्या वाटीवर बोटाने टकटक करायचीस. "भुऱ्या." टकटक. "भुऱ्या." तो भलतीकडेच जायचा. तू पुन्हा म्हणायचीस. तुलाही अजून धूसरच दिसत होतं. तुम्ही दोघं एकमेकांना शोधत घरभर हिंडायचात, मी दारात उभा. "काय पाहून राहिला बाबू? आंधळी कोशिंबीर आहे, ये तूई," तू म्हणायचीस. एका सकाळी तू वाटी वाजवली नाहीस, नुसतं नाव घेतलंस. त्याने कान टवकारले, मान वळवली आणि सरळ तुझ्याकडे चालत आला. त्याच्या डोळ्यांत हळूहळू नजर आली होती. मी बाहेर जाऊन नळ सोडला आणि उगाच तोंड धूत बसलो.

मी तुला एकदा म्हणालो होतो, आठवतं? प्रमोद येणार होता.

"माई, मी आज त्याले सांगून टाकतो."

"काय सांगशीन?"

"का गोळ्या म्या बंद केल्या."

"मंग तो तुह्याजवळ भुऱ्याले ठेवू देईन का? तो आताच म्हणून राहिला, सेमाडोहच्या रस्त्यानं जंगलात सोडून येतो म्हणून. मी गेल्यावर कोण देईन त्याले गोळी?"

"कोणीई देईन."

"कोणीई नाई देणार. तू देशीन. ज्यानं एकदा चुकवली अन् हे पाहिलं, तो आता मरेपर्यंत चुकवणार नाई. तुह्याइतका भरवशाचा माणूस आता मले भेटणार नाई बाबू."

"अन् तुले लोक येडी म्हणतात ते?"

"म्हणू दे. माह्या काय काय ध्यानात आहे ते मले माहीत आहे न."

तेव्हा मी भांडलो. हे बरोबर नाही, एका कुत्र्यासाठी कुणी आपलं शहाणपण असं देऊन टाकत नाही. तू म्हणालीस, चहा घे, थंडा होऊन राहिला. ते भांडण तिथेच राहिलं. पुढे जेव्हा जेव्हा मी तो विषय काढला, तू दुसरंच काहीतरी विचारलंस. आज मला वाटतं, त्या भांडणात माझं म्हणणं बरोबर होतं. आणि तू माझ्याहून फार मोठी होतीस. दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे मला या वयात कळलं. मारोतीवर माझा राग नाही. त्याने माझ्याकडे गोळ्या बंद करायचं कधी मागितलंच नव्हतं. त्याच्या वतीने ते मी ठरवलं होतं.

तू गेलीस त्या सकाळी भुऱ्याची गोळी तूच दिली होतीस. मला मागाहून फक्त संध्याकाळची द्यायची होती. रडणाऱ्या माणसांतून वाट काढत मी स्वयंपाकघरात गेलो, पोळी शोधली, गूळ शोधला. कुणीतरी म्हणालं, आता या वेळी काय करून राहिले हे. मी गोळी गुळात दाबली.

तेरवीनंतर भुऱ्याला घेऊन मी अकोल्याला आलो. पुढच्या रविवारी प्रमोद आला. रशीदभाईंनी नव्याने कापूस पिंजून भरलेली भुऱ्याची गादी घेऊन. तो बसला, पाणी प्यायला, आणि मी त्याला सगळं सांगितलं. नवस, गोळ्या, टेंपो, तुझा अंगठा.

"काका, मी तिची शेगडी नेली."

"हो."

"स्वतःच्या घरात तिले च्या करता नाई आला. मी तिले लेकरासारखं बोलत होतो. तिनं एक शब्द नाई काढला." मग म्हणाला, "अन् तुमी पाहत होते."

"पाहत होतो," मी म्हणालो.

तो रागाने उठून जाईल असं मला वाटलं, आणि तो उठलाही. नेमका त्याच वेळी भुऱ्या चालता चालता थांबला आणि कोपऱ्यात वर बघू लागला. त्या टेंपोच्या दिवसानंतर गोळी चालू असूनही त्याला मधूनमधून फिट यायची, तू गेल्यानंतरची ती पहिलीच. प्रमोदने आजवर फिट नुसती ऐकली होती, दवाखान्यात पोचला तेव्हा भुऱ्याला टेबलावर धरून ठेवलेलं होतं. तो धरायला धावला. मी म्हणालो, "हात लावू नको. खुर्ची सरकव. बस." तो बसला. भुऱ्याचे पाय पळत होते. "काका, हा कुठी जाऊन राहिला असा?" त्याने हळूच विचारलं. मला ते ठाऊक नव्हतं. तुलाही नव्हतं. पण माई, प्रमोदचा चेहरा तसाच झाला होता जसा कधीकाळी माझा झाला असेल. भीती ओसरली होती आणि त्या जागी काहीतरी मोठं आलं होतं, देवळात गेल्यावर येतं तसं.

भुऱ्या परत आला. धडपडला, पाणी प्यायला, घरभर फेऱ्या मारल्या. मग प्रमोदपाशी आला. ज्याने त्याला जंगलात सोडायचं म्हटलं होतं, त्याच्याच नडगीला अंग टेकून, सगळा भार टाकून उभा राहिला. प्रमोदने पाय हलवला नाही.

"तुही बस जाईन," मी म्हणालो.

"जाऊ द्या. दुसरी येते." मग थोड्या वेळाने, "संध्याकाळची गोळी कवा असते?"

मी त्याला पट्टी दाखवली, गूळ कुठे आहे ते सांगितलं. माझ्यानंतर कोण, हा प्रश्न मला रोज खायचा. तो आता तुझ्याच रीतीने सुटत होता, चुकलेल्या माणसाकडे बघून. प्रमोद पोळी मळायला लागला. तो गोळी देतो का हे बघायला मी त्याच्याजवळ उभा राहिलो नाही. बाहेर अंगणात खुर्ची टाकून, घराकडे पाठ करून बसलो.